धार काढायला अवघड शेळी: विकावी की ठेवावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या दुधासाठी दोन-चार शेळ्या पाळणाऱ्यांना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. शेळी खाते-पिते नीट, करडं चांगली सांभाळते, पण धार काढायला बसलं की जीव मेटाकुटीला येतो. सड बोटांत मावत नाहीत, धार सुईसारखी येते, नाहीतर भरत आलेल्या चरवीत पाय पडतो. मग घरात सूर निघतो, ‘देऊन टाकू या हिला बाजारात.’

खालची उत्तरं उस्मानाबादी, संगमनेरी, सुरती आणि गावठी शेळ्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत. मोठ्या दूध फार्मचा हिशेब वेगळा असतो. तो इथे नाही.

शेळी धार काढू देत नाही. लगेच विकून टाकावी का?

नाही. आधी त्रास नेमका कशाचा आहे ते शोधा. कारणं चारच असतात: कास दुखते आहे, सडाची ठेवण अवघड आहे, शेळीला सवय नाही, किंवा काढणाऱ्याचा हात दुखतो. शेळीजवळ बसलेल्या माणसाला हे चारही प्रकार सारखेच वाटतात, पण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. दुखणं बरं होतं, सवय लागते, हाताची पद्धत बदलता येते. ठेवण तेवढी फारशी बदलत नाही, आणि विकण्याचा खरा विचार बहुतेक वेळा तिथेच येतो.

नवी व्यायलेली शेळी असेल तर पहिले दोन-तीन आठवडे निर्णय घेऊच नका. व्यायल्यावर काही दिवस कासेला सूज असते, कातडी ताणलेली असते, शेळीचं सगळं लक्ष करडांकडे असतं. या दिवसांत गरीब शेळीही लाथ मारते.

दुखतंय की खोड आहे, हे कसं ओळखायचं?

सगळ्यात आधी हे आठवा: लाथ मारणं पहिल्यापासून आहे की हल्ली सुरू झालं? कालपर्यंत गुमान उभी राहणारी शेळी आज उडायला लागली तर ती खोड नव्हे. तिला काहीतरी होतंय.

मग कासेवर दोन्ही बाजूंनी तळहात ठेवा. शेळीच्या कासेचे दोन भाग असतात आणि प्रत्येकाला एक सड. दोन्ही भागांची ऊब आणि मऊपणा सारखा लागला पाहिजे. एक बाजू गरम, कडक किंवा गाठाळ लागली, किंवा एकाच सडाला हात लावला की ती पाय उचलते, तर दुखणं त्या बाजूला आहे. धार काढून झाल्यावर पुन्हा चाचपा. निरोगी कास दूध निघाल्यावर रिकाम्या पिशवीसारखी सैल पडते. काढूनही घट्टच राहिली तर आत सूज आहे, किंवा जुन्या दुखण्याने मांस धरलं आहे.

पहिल्या दोन-तीन धारा गडद रंगाच्या फडक्यावर किंवा काळ्या वाटीत घ्या. पांढऱ्या भांड्यात न दिसणाऱ्या बारीक गुठळ्या, पाणचट दूध, रक्ताची छटा तिथे लगेच दिसते. हे रोज करावं, त्याला काहीच लागत नाही.

सडाची कातडीही उजेडात नीट पाहा. थंडीत सडांना भेगा पडतात. करडांच्या दातांनी ओरखडे निघतात. करडांच्या तोंडाला मावा (फोड आणि खपल्या आणणारा लागट रोग) झाला असेल तर पिताना तो आईच्या सडांवर उतरतो, खपल्या धरतात आणि शेळी करडांनाही जवळ येऊ देत नाही. मावा माणसाच्या हातालाही लागतो, त्यामुळे अशा शेळीची धार हातमोजे घालूनच काढावी. तो साधारण तीन-चार आठवड्यांत ओसरतो. तेवढ्यासाठी शेळी विकणं म्हणजे चांगलं जनावर घालवणं.

दगडी निघाली तर?

दगडी, म्हणजे कासदाह. पशुवैद्यकाला दाखवा, फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा क्रमांक आहे. औषध मनाने देऊ नका, आणि ते सुरू असताना व त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस दूध घरात वापरू नका.

दवाखान्यात दगडी ओळखण्यासाठी दुधाची सीएमटी चाचणी झाली तर एक लक्षात असू द्या. शेळीच्या दुधात पेशी मुळातच गायीपेक्षा जास्त असतात. त्यामुळे गायीच्या मापाने थोडंसं घट्ट दिसणारं दूध शेळीत निरोगीही असू शकतं. दोन बाजूंमध्ये ठळक फरक दिसतो का, ते जास्त महत्त्वाचं.

कास थंड पडून निळसर-काळी व्हायला लागली, शेळीने चारा सोडला, तर ती घाईची वेळ आहे. त्यात कासच नव्हे, जीवही जातो. संध्याकाळपर्यंत थांबू नका.

एका बाजूचं दूध दगडीने कायमचं गेलं तरी शेळी निकामी होत नाही. एका सडावर एक करडू मजेत वाढतं. मात्र जी शेळी दर वेताला दगडी धरते, तिच्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

पहिलारू शेळीचे सड फार बारीक आहेत. पुढे मोठे होतील का?

बहुतेक वेळा होतात. पहिल्या वेतात कास लहान असते आणि सड दोन बोटांत जेमतेम येतात. करडं पिऊन आणि धार काढून दुसऱ्या-तिसऱ्या वेताला सड लांबतात, दूधही तेव्हाच वाढतं. त्यामुळे बारीक सडांसाठी पहिलारू शेळी विकण्याच्या मी साफ विरोधात आहे. दुसरं वेत पाहा. तोपर्यंत करडांना जास्त पिऊ द्या, तुम्ही कमी काढा.

दुसऱ्या वेतालाही दोनच बोटं मावत असतील तर ती तिची ठेवणच आहे असं धरा.

बारीक सडांची धार नेमकी कशी काढावी?

गायी-म्हशींची सवय असलेले लोक सड ओढतात. अंगठा मुडपून त्याच्या सांध्यावर सड दाबतात. शेळीला हे दोन्ही सोसत नाही. सडाच्या आतलं नाजूक अस्तर दुखावतं आणि पुढे गाठी होतात.

योग्य पद्धत अशी. अंगठा आणि तर्जनी यांची कडी करून ती सडाच्या अगदी मुळाशी, कास संपते तिथे हलकेच आवळा, म्हणजे सडात उतरलेलं दूध परत वर जाणार नाही. कडी तशीच धरून मधलं बोट मिटा, मग अनामिका, मग करंगळी. दाब वरून खाली यावा आणि हात खाली ओढला जाऊ नये. मग कडी सैल सोडा, सड पुन्हा भरू द्या. सड बारीक असेल तर कडीनंतर फक्त मधलं बोट वापरायचं, बाकीची दोन बोटं बाजूला. वेळ दुप्पट लागतो, पण शेळी उभी राहते. सुरुवातीला कडी कासेवरच आवळली जाते आणि शेळी दचकते, म्हणून पहिले काही दिवस कडीची जागा वाकून डोळ्यांनी पाहूनच धरावी.

नखं कापलेली हवीत, हात कोमट आणि कोरडे हवेत. तेल-तुपाचे ओले हात घेऊन धार काढायची सवय मोडा. ओल्या हातावरची घाण सरळ सडाच्या तोंडाशी उतरते. भेगांना लोणी किंवा मलम लावायचं तर धार झाल्यावर.

धार फार बारीक येते. सडात काडी घालून भोक मोठं करतात म्हणे?

कधीही करू देऊ नका. काडी, सुई, पिसाचा दांडा, काहीही नको. सडाच्या टोकाशी एक बारीक गोल स्नायू असतो, तो दूध गळू देत नाही आणि जंतू आत येऊ देत नाही. तो फाटला की त्या सडाला दगडी लागलीच म्हणून समजा. वाट आकसली असेल तर डॉक्टर ती निर्जंतुक हत्याराने मोकळी करू शकतात, पण तेही तपासून, गरज असेल तरच. जन्मतः घट्ट सड असलेल्या शेळीकडे ‘हळू दूध देणारी’ म्हणून पाहायचं आणि तिच्या करडांना तिचं काम करू द्यायचं.

सड बाटलीसारखे मोठे झालेत. हे तर सोपं असायला हवं ना?

तसं वाटतं, पण नसतं. मुठीत न मावणाऱ्या सडातून दूध परत वर सरकतं, आणि नुकतं जन्मलेलं करडू तो सड तोंडात घेऊच शकत नाही. अशा शेळीचा थोडा चीक आधी हाताने काढून पिल्लाला पाजावा. चीक पहिल्या तासाभरात पोटात गेला पाहिजे, त्यात चालढकल चालत नाही. लोंबणारी कास काट्याकुट्यात, बाभळीच्या रानात ओरबाडली जाते, म्हणून अशी शेळी चरायला नेणाऱ्यापेक्षा बांधून पाळणाऱ्याकडे बरी.

लाथ मारते. मागचे पाय बांधावेत का?

पहिला उपाय म्हणून नाही. आधी धार काढायची जागा, वेळ आणि माणूस ठरवून टाका. शेळीला ठराविक बाजूने बसणारा माणूस आवडतो, बाजू बदलली की ती बिथरते. वीत-दीड वीत उंचीचा लाकडी किंवा विटांचा ओटा करा, समोर घमेल्यात मक्याचा भरडा आणि थोडी पेंड ठेवा, आणि खुराक फक्त तिथेच द्या. चार-आठ दिवसांत ती आपण होऊन ओट्यावर चढते. धार संपण्याआधी खुराक संपला की पाय सुरू होतो, म्हणून खुराक थोडा थोडा टाकावा.

पाय उचलला की हात सोडून पळू नका आणि मारूही नका. हात सडावर तसाच सैल ठेवा, पाय खाली आला की पुन्हा सुरू करा. हात सोडला की ‘लाथ मारली की सुटका होते’ हे ती शिकते. मार बसला तर त्या माणसाला पाहूनच ती पान्हा चोरते, आणि ते महिनाभर निस्तरावं लागतं. दोन-तीन आठवडे हे नेमाने केल्यावरही फरक नसेल, आणि कास निरोगी असेल, तर काही दिवस एक पाय सैलसर बांधून पाहायला हरकत नाही.

पान्हा सोडत नाही. इंजेक्शन द्यावं का?

दूध उतरवण्यासाठी रोज ऑक्सिटोसिन टोचणं हा जनावरावरचा जुलूम आहे. करडू समोर बांधा, दोन घोट पिऊ द्या, कास कोमट ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा, आणि करडू जसं डोक्याने ढुशी देतं तशी हाताने हलकी ढुशी द्या. पान्हा यायला अर्धं-एक मिनिट लागतं. तेवढा वेळ तिला द्यावाच लागतो.

हाताने चालवायचं छोटं मशीन घेऊ का?

एका शेळीसाठी नको. चार-पाच दुभत्या असतील तर विचार करा. नळ्या आणि सडांचे पेले रोज गरम पाण्याने धुणार असाल तरच घ्या.

धार आई काढते. तिचे हात दुखतात. काय करावं?

माझ्या मते या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हे आहे. आपल्याकडे शेळ्यांची धार बहुतेक घरांत बायाच काढतात आणि शेळी ठेवायची की विकायची हे पुरुष बाजाराच्या दिवशी ठरवतात. जिच्या बोटांना रोज कळ लागते तिचं मत आधी घ्या. बारीक सडांची धार वर्षानुवर्षं काढून अंगठ्याचा सांधा धरतो, रात्री बोटांना मुंग्या येतात. ‘होईल सवय’ म्हणून हे सोडून देण्यासारखं नाही.

घरात दुसरा हात आहे का? कॉलेजात जाणारा मुलगा सकाळची वेळ घेऊ शकतो का? एक वेळची धार बंद करून करडांना पाजता येईल का? हे काहीच जमत नसेल तर आईच्या हातासाठी शेळी विकणं हा पूर्ण योग्य निर्णय आहे. शेळीत काही दोष नसला तरी.

उलटही होतं. एखादीला त्याच शेळीचा लळा असतो, हात दुखला तरी ती ‘राहू दे’ म्हणते. मग काम कमी करा, शेळी राहू द्या.

हिशेब कसा मांडायचा?

दुधाचा आणि करडांचा वेगवेगळा मांडा, मग चित्र स्पष्ट होतं. समजा शेळी करडांचं भागवून रोज अर्धा लिटर दूध देते आणि चार महिने देते. ते झालं साधारण 60 लिटर. तुमच्या गावात शेळीच्या दुधाला जो भाव मिळतो, किंवा तेवढं दूध विकत आणायला जे पडेल, त्याने गुणा. दुसऱ्या बाजूला करडं. उस्मानाबादीत जुळी सर्रास होतात आणि नीट सांभाळ असेल तर दोन वर्षांत तीन वेतं मिळतात. गाभणकाळ सुमारे 150 दिवसांचा. दोन करडं जगून 20-20 किलोची झाली तर एका वेताचं 40 किलो जिवंत वजन. त्याला तुमच्या बाजारातल्या भावाने गुणा.

बहुतेक घरांत करडांचा आकडा दुधाच्या कितीतरी पुढे जातो. म्हणजे धारेला अवघड पण जुळी देणारी, करडं जगवणारी शेळी ही पैशाने फायद्याचीच शेळी आहे. अडचण फक्त तुमच्या चहाच्या दुधाची आहे, आणि ती दुसऱ्या शेळीने सुटते. उलट सुरतीसारखी शेळी खास दुधासाठीच आणली असेल, दूध रतीबाला जात असेल, तर अवघड सड हा सरळ तोट्याचा भाग आहे. तिथे फार रेंगाळू नये.

धार न काढता ठेवता येईल का?

हो. करडांना पूर्ण पिऊ द्या. फक्त दोन्ही सड रिकामे होतात का ते रोज चाचपा. एकच करडू असेल तर ते आवडत्या सडालाच लागतं आणि दुसरी बाजू तुंबते. ती हाताने मोकळी करा, किंवा आई नसलेलं, दूध कमी पडणारं दुसरं करडू तिला लावा. मध्यम मार्ग आमच्याकडे जुनाच आहे: करडं चारा खायला लागली की रात्री वेगळी कोंडायची, सकाळची धार घरासाठी, दिवसभर करडं आईपाशी.

करडं दुधावरून तोडल्यावर धार एकदम बंद करू नका. खुराक कमी करत, दिवसाआड करत आटवा. शेळी पुन्हा गाभण असेल तर शेवटचे दोन महिने धार पूर्ण बंद ठेवून कासेला विसावा मिळाला पाहिजे.

तिच्या पाटी (मादी करडं) ठेवाव्यात का?

कासेची ठेवण आणि सडांचा आकार बऱ्यापैकी वंशात उतरतो. आईचे सड दुसऱ्या-तिसऱ्या वेतालाही अवघडच असतील तर तिच्या पाटी दुधासाठी ठेवू नका. पण निम्मा वाटा बोकडाचा असतो, हे लोक विसरतात. बोकड निवडताना त्याची उंची आणि रंग पाहून भुलू नका, त्याच्या आईची कास पाहा. ती पाहायला मिळत नसेल तर दुधाच्या पैदाशीसाठी तो बोकड माझ्या तरी पसंतीत बसणार नाही.

मग नक्की विकावीच अशी वेळ कोणती?

दुसरं वेत होऊनही सड तसेच आहेत, तुम्हाला दूध हवंच आहे आणि गोठ्यात जागा एकाच शेळीची आहे. किंवा काढणारा हात खरंच दुखावला आहे आणि दुसरा हात नाही. किंवा शेळी करडांनाही पिऊ देत नाही, आणि तपासून कास निरोगी निघाली आहे. अशा वेळी मागे-पुढे पाहू नका.

दर वेताला दगडी धरणारी, दोन्ही बाजूंना गाठी झालेली शेळी मात्र दुसऱ्या पाळणाऱ्याच्या गळ्यात मारायची नाही. तिचं दुखणं त्याच्या गोठ्यात जातं. अशी शेळी पैदाशीतूनच काढायची असते.

कुठे, केव्हा आणि कुणाला विकावी?

लोणंद, चाकणसारख्या मोठ्या बाजारांत गिऱ्हाईक भरपूर, पण तिथे तुमच्या शेळीचा गुण कुणाला माहीत नसतो. ती वजनावर जाते. चांगली आई असलेली शेळी आधी पंचक्रोशीत विचारून द्यावी. फक्त करडांसाठी शेळ्या पाळणारे, धार न काढणारे बरेच असतात. त्यांच्या लेखी तुमची अडचण ही अडचणच नसते. गाभण असताना, किंवा व्यायल्यावर करडांसकट, भाव सगळ्यात बरा येतो. आजारात किंवा उपचार चालू असताना विकू नका.

बाजारात नेण्याआधी एक-दोन वेळा धार न काढता कास तुंबवून नेतात, मोठी दिसावी म्हणून. शेळीला त्याच्या असह्य कळा येतात आणि दगडीला आमंत्रण मिळतं. तुम्ही हे करू नका.

घेणाऱ्याला सगळं सांगावं का? भाव पडेल ना.

सांगावं. ‘सड बारीक आहेत, धारेला वेळ लागतो, करडं मात्र दोन-दोन जगवते’ असं सरळ सांगितलं की योग्य गिऱ्हाईक थांबतं आणि नको असलेलं निघून जातं. भाव थोडा पडेल. पण न सांगता दिलेली शेळी नव्या घरी चार दिवस मार खाते आणि पुढच्या बाजाराला खाटकाकडे जाते, हे मी होताना पाहिलं आहे. तिला कोणता खुराक लागतो, कोणत्या बाजूने बसायचं, कोणाच्या हाताला ती शांत राहते, हेही सांगा. मागच्या वेताची तारीख आणि झालेल्या लसी कागदावर लिहून द्या.

पुढची शेळी घेताना काय पाहावं?

धार काढून पाहिल्याशिवाय दुधाची शेळी घेऊ नये. आणि ज्या हाताने घरी रोज धार काढायची आहे, त्याच हाताने ती काढून पाहावी, म्हणजे आईला किंवा बायकोला सोबत न्यावं. सड मुठीत नीट यावेत, दोन्ही सारख्या लांबीचे, थोडे पुढे आणि खाली झुकलेले असावेत. जास्तीचा सड मुख्य सडाला चिकटलेला नाही ना, ते बोट फिरवून बघा. पूर्ण दूध काढायला लावा आणि रिकामी कास चाचपा. कास गुडघ्याच्या वर असावी. दातांवरून वय पाहा. दुदाती पहिलारूपेक्षा दुसऱ्या वेताची शेळी थोडी महाग पडली तरी तिची ठेवण समोर दिसते, अंदाज बांधावा लागत नाही. कळपात शेळ्या गाभडल्या आहेत का (म्हणजे त्यांचे गर्भ पडले आहेत का) तेही विचारा, आणि दूध कुठल्याही शेळीचं असो, उकळूनच घ्या.

विकणारा ‘धार सकाळी काढली, आता दूध नाही’ म्हणाला तर दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जा.